आहेराची वही आणि नावाची चिठ्ठी



आमच्या सांगलीच्या घरी माजघरातील कपाटात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. माझ्या आईने ती आयुष्यभर सांभाळली. डाव्या पानावर आलेला आहेर, उजव्या पानावर केलेला आहेर. कोणाच्या लग्नात कोणी एकावन्न रुपये दिले, कोणी पितळी तांब्या दिला, कोणी खण दिला, याची बारीक अक्षरातील नोंद. घरी लग्नपत्रिका आली की आई आधी ती वही उघडी आणि मगच काय द्यायचे ते ठरवी. पुढे मी बँकेत रुजू झालो, जमा-नावेची शिस्त शिकलो, तेव्हा ध्यानात आले की हे शास्त्र आई माझ्या आधीपासून जाणत होती.

त्या वहीला कोणी हसू नये. ज्या काळात लग्नाचा खर्च एका घराला झेपत नसे, त्या काळात आहेर म्हणजे सर्वांनी मिळून दिलेला हातभार होता आणि ज्याची वेळ येईल त्याला तो परत करण्याची बांधिलकी वहीत लिहिलेली असे. मात्र या पद्धतीत एक उणीव आहे, आणि ती मला वयाची साठी उलटल्यावर कळली. ज्याला परतफेड करता येत नाही, तो हळूहळू येईनासा होतो. वहीत त्याच्या नावापुढील बाकी दिसते, त्याची अडचण दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट सांगतो. आमचे कुटुंब आता सांगली, इचलकरंजी, पुणे, बंगळुरू, दुबई आणि न्यू जर्सी असे विखुरलेले आहे. भाऊबीजेला जमेल तितके जण सांगलीला जमतात, उरलेले पडद्यावर दिसतात. प्रत्येक घराने प्रत्येक घराला काही ना काही द्यायचे, असा रिवाज. परिणामी दिवाळी संपली की आमच्या माळ्यावर सोनपापडीचे डबे, काचेचे वाडगे आणि बाष्परोधक म्हणवणारे डबे यांची रास लागे. त्या वर्षी एका नातलगाकडून आलेल्या कपबशांच्या संचाची रंगीत वेष्टनी सोडवली, तर तळाशी माझ्याच हस्ताक्षरातील शुभेच्छापत्र चिकटलेले! दोन वर्षांपूर्वी आम्हीच दिलेला संच चार घरे फिरून स्वगृही परतला होता. सर्व जण हसले, मीही हसलो. पण माझ्यातील वाणिज्याचा विद्यार्थी मात्र विचारात पडला.

या नुकसानीचा हिशेब एका अर्थशास्त्रज्ञाने खरोखरच मांडला आहे. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. भेट मिळालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की ही वस्तू स्वतः विकत घ्यायची असती, तर तुम्ही किती मोजले असते? उत्तरांवरून त्यांचा अंदाज असा निघाला की भेटीच्या किमतीपैकी दहा टक्क्यांपासून एक-तृतीयांशापर्यंतचे मोल वाया जाते. मित्रांनी दिलेली भेट बहुधा पसंतीस उतरते आणि लांबच्या नातलगांनी दिलेल्या वस्तूत घट सर्वाधिक असते, असेही त्यांना आढळले. कारण सरळ आहे. ज्याला द्यायचे, त्याला काय हवे हे आपल्याला ठाऊक नसते.

यावर आमच्या सूनबाईंनी उपाय सुचवला. त्या नोकरी करतात तेथे डिसेंबरात सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, प्रत्येकाच्या वाट्याला एक नाव येते आणि त्या एकाच व्यक्तीसाठी ठरावीक रकमेत भेट आणायची. देणाऱ्याचे नाव शेवटपर्यंत गुप्त. नेदरलँड्समध्ये पाच डिसेंबरच्या संध्याकाळच्या भेटींसाठी अनेक घरी अशीच सोडत होते आणि भेटीसोबत थट्टेची एक कविताही जोडतात. ब्राझीलमध्ये यालाच 'गुप्त मित्र' म्हणतात. आपल्यालाही ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. भिशीच्या डब्यातून लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घेणे आपण पाहत आलो आहोत. संक्रांतीच्या वाणात श्रीमंत-गरीब असा भेद न करता प्रत्येकीला सारखीच वस्तू मिळते. प्रभावना वाटताना कोण कोणत्या घरचा, हे कोणी विचारत नाही. आणि गुप्तदान हा शब्द तर आपल्या नित्य परिचयाचा. नवे एवढेच की माणसे सहा गावी असल्याने चिठ्ठ्यांचा डबा आता संकेतस्थळावर ठेवायचा.

मी सेवानिवृत्त, सबब मला वेळच वेळ, या सर्वमान्य समजुतीने संयोजकपद माझ्याकडे आले. अठरा प्रौढांची यादी झाली. मुलांचा खाऊ आणि भाऊबीजेची ओवाळणी यातून वगळली, कारण बहिणीच्या ताटातील ओवाळणीला सोडतीचे नियम लावणे योग्य नव्हे. आता प्रश्न रकमेचा. बंगळुरूच्या पुतण्याने दोन हजार रुपये सुचवले. तीन-चार जणांनी लागलीच अंगठा दाखवून संमती दिली. मीही देणार होतो.

त्या रात्री इचलकरंजीहून माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. म्हणाली, "अण्णा, त्या यादीत माझं नाव घालू नकोस. यंदा पोरांच्या परीक्षा आहेत, आमचं यायचं काही खरं नाही." मी बरे म्हणून फोन ठेवला आणि यादीतील तिच्या नावावर काट मारू लागलो. सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत कसल्या परीक्षा? दोन वर्षं झाली ती आलेली नाही. त्यांचे माग बंद आहेत, ठाऊक आहे ना? जन्मभर लोकांचे ताळेबंद वाचलेत, बहिणीचा आवाज नाही वाचता आला?"

ते वाक्य मला लागले, आणि लागायलाच हवे होते. तिच्या यजमानांचे यंत्रमाग दीड वर्षापासून बंद आहेत, हे मला ऐकून माहीत होते. कर्जाचा अर्ज समोर आला असता, तर परतफेडीची ऐपत मी पाच मिनिटांत सांगितली असती. पण आठ घरांना आठ भेटी देणे, त्यावर प्रवासखर्च आणि वर सर्वांदेखत वेष्टने उघडणे, हे सारे तिला झेपेल का, असा प्रश्न दोन दिवाळ्यांत माझ्या मनाला शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी समूहावर लिहिले की भेटीची कमाल मर्यादा चारशे रुपये राहील, टपाल वा कुरिअरचा खर्च त्यातच धरावा, घरी केलेली वस्तूही चालेल आणि मर्यादा ओलांडणे हा नियमभंग समजला जाईल. कारण दिले नाही. पुतण्याने विचारले, "अण्णाकाका, चारशेत काय येतं?" मी लिहिले, "तीच तर परीक्षा आहे." सायंकाळी इचलकरंजीहून एका ओळीचा संदेश आला, "माझंही नाव असू दे."

या अनुभवातून मी पहिला नियम शिकलो. रक्कम ठरवताना समूहातील सर्वांत अडचणीत असलेली व्यक्ती मनात धरावी, पण तिचे नाव ओठांवर आणू नये. मतदानाने रक्कम कधीही ठरवू नये. ज्याला परवडत नाही तो विरोधी मत देत नाही, तो गप्प बसतो. आणि कमाल मर्यादा कसोशीने पाळावी. चारशेच्या जागी दीड हजारांची वस्तू देणारा उदार भासतो खरा, परंतु पुढल्या वर्षी तो इतरांना नकळत ओशाळे करतो.

आता सोडतीविषयी. बँकेतील सवयीमुळे माझा परक्या संकेतस्थळावर विश्वास नव्हता. संगणकाच्या तक्त्यात मी स्वतःच जोड्या लावल्या. प्रत्येकाला फक्त त्याच्या वाट्याचे नाव कळवायचे होते, आणि मी संपूर्ण तक्ताच समूहावर धाडला! तो पुसेपर्यंत पाच जणांनी वाचला होता. जन्मभर इतरांच्या चुका शोधणाऱ्याची ही चूक आमच्या घरात अजून चवीने सांगितली जाते. सोडत पुन्हा घ्यावी लागली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे का असतात, हे मी नवख्या कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे समजावत होतो, आणि येथे दोन्ही किल्ल्या स्वतःच्याच खिशात घेऊन बसलो होतो. संयोजकाला जोड्या माहीत नसणे हेच उत्तम.

कागदी चिठ्ठ्यांची आणखी एक अडचण असते. स्वतःच्याच नावाची चिठ्ठी स्वतःला येते. हे क्वचित घडत असेल असे आपल्याला वाटते, पण गणित वेगळे सांगते. चार माणसांत चार चिठ्ठ्या वाटण्याचे २४ प्रकार आहेत. त्यांपैकी कोणालाच स्वतःचे नाव येत नाही असे केवळ ९. माणसे वाढवली तरी हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे शंभर वेळा सोडत काढली, तर सुमारे ६३ वेळा कोणाला तरी स्वतःचेच नाव येणार आणि ती पुन्हा काढावी लागणार. पियेर द माँमोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ साली तेरा पत्त्यांच्या खेळावरून हा प्रश्न मांडला होता. घरच्या घरी करायचे असल्यास सोपी युक्ती अशी की सर्व नावे उलटसुलट करून गोलाकार मांडावीत आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याला भेट द्यावी. मग स्वतःचे नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही.

एल्फस्टर, ड्रॉनेम्स यांसारखी संकेतस्थळे हे काम विनासायास करतात. संयोजकाने नावे भरायची, अमुकाला अमुकाचे नाव येऊ नये अशी अट घालायची आणि प्रत्येकाला त्याचा दुवा परस्पर मिळतो. पती-पत्नींना एकमेकांची नावे येऊ नयेत, ही अट आम्ही घातली. परदेशातील तिघांची जोडी शक्यतो आपापसांत लागेल असे पाहिले, कारण सांगलीहून न्यू जर्सीला पार्सल धाडण्याचा खर्च भेटीच्या कितीतरी पट होतो. तेथून येथे भेट द्यायचीच झाली, तर भारतातील दुकानातून मागवून ती थेट पत्त्यावर पोहोचवणे सोपे. या संकेतस्थळांवर प्रत्येकाला आपल्या पसंतीची यादीही देता येते. तीत हव्या असलेल्या वस्तूंबरोबर नको असलेल्याही लिहायला सांगाव्यात. चामड्याचे पाकीट, रेशमी वस्त्र, मध, अंडे घातलेला केक यांपैकी काही कोणाच्या घरी चालत नसेल, तर ते आधी कळलेले बरे. सूनबाई वा जावईबापू वेगळ्या घरातून आलेले असतात, त्यांना सर्व काही ठाऊक असेलच असे नाही.

माझी माजी नोकरी स्मरून दोन सावधगिरीचे शब्द. सोडतीसाठी नाव आणि ई-मेल किंवा मोबाइल एवढे पुरे आहे. जन्मतारीख, बँक खाते, ओटीपी यांपैकी काहीही मागितले गेले, तर तेथून तत्काळ बाहेर पडावे. दुसरे असे की, अनोळखी लोकांच्या भेट-साखळीत चुकूनही पडू नये. २०१५ च्या सुमारास फेसबुकवर 'सीक्रेट सिस्टर' नावाची साखळी गाजली. दहा डॉलरची एक भेट पाठवा, सहा जणींना सामील करा आणि बदल्यात सहा ते छत्तीस भेटी मिळवा, असे तिचे आमिष होते. हिशेब करून पाहा. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असे वाढत तेराव्या पायरीवर १३०६ कोटींहून अधिक माणसे लागतात. पृथ्वीवर तेवढी माणसे नाहीत. म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवरील बहुतेकांच्या हाती काहीच येत नाही. पैशांच्या अशा साखळी योजनांवर आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. घरच्या सोडतीत जितक्या भेटी दिल्या जातात, तितक्याच मिळतात. जेथे दिल्याहून अधिक मिळण्याचे वचन असेल, तेथे ती भेट नव्हे.

वेळापत्रकही महत्त्वाचे. नवरात्रात यादी, कोजागरीला सोडत, धनत्रयोदशीपर्यंत भेट हाती आणि भाऊबीजेला सर्वांसमक्ष उघडणे, असे आम्ही ठरवले. कोजागरी ते धनत्रयोदशी हे तेरा दिवस कमी नाहीत, परंतु दिवाळीत कुरिअर तुंबतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच वस्तू रवाना करावी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशांसाठी घरातील एखाद्या नातवंडाला विश्वासू नेमावे. आमच्या थोरल्या काकूंची चिठ्ठी त्यांच्या नातीने कानात वाचून दाखवली. काकूंनी ती सोडतीच्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत नातीच्या आईलाही सांगितली नाही.

आणि घोटाळा झाला तो नेमका काकूंच्याच बाबतीत. भाऊबीजेला सर्वांनी आपापली पुडकी उघडली, पडद्यावरचेही हसू लागले, आणि काकू रिकाम्या हातांनी बसलेल्या. ज्याच्याकडे त्यांचे नाव होते, त्याने मागवलेली वस्तू दुकानदाराने परस्पर रद्द केली होती आणि त्याने पुन्हा पाहिलेच नव्हते. काकू म्हणाल्या, "मला कशाला रे वस्तू या वयात? तुमचं बघूनच पोट भरलं." त्यांनी ते हसत म्हटले, पण ओच्यात झाकलेला हात त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही. चूक एका तरुणाची दिसली, तरी जबाबदारी संयोजकाची होती. बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करावी लागते, हे मी विसरलो होतो. तेव्हापासून चारशे रुपयांच्या दोन भेटी मी आधीच आणून कपाटात ठेवतो. शिवाय धनत्रयोदशीला प्रत्येकाला फोन करून एवढेच विचारतो, "पोहोचली का?" काय आले, हे विचारत नाही.

त्या भाऊबीजेला इचलकरंजीची बहीण दोन वर्षांनी सांगलीला आली होती. तिच्या चिठ्ठीत नाव होते ते नेमके दोन हजारांचा आग्रह धरणाऱ्या पुतण्याचे. माग बंद पडण्यापूर्वी निघालेल्या शेवटच्या ताग्यातील कापडाचे तिने दोन अभ्रे शिवले होते आणि काठाला हाताने टाके घातले होते. पुतण्याने अभ्रा उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "आत्या, हे कापड तुमच्या मागावरचं?" ती हो म्हणाली. मग कित्येक महिन्यांत प्रथमच तिने सर्वांसमोर सांगितले की माग बंद आहेत, सूत उधार मिळत नाही आणि बँकेचे हप्ते थकले आहेत. घरात क्षणभर शांतता पसरली. पण ती शांतता परक्यांची नव्हती.

भेटींच्या सोडतीने तिचे माग सुरू झाले, असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. निम्मे माग विकावे लागले. मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या यजमानांची कागदपत्रे घेऊन मी बसलो. कोणत्या कर्जाचे हप्ते लांबवून घेता येतील, काय विकणे आता शहाणपणाचे आहे, हे आम्ही मिळून ठरवले. ते काम कोणत्याही भेटवस्तूचे नव्हते, माझे होते, आणि ते मी दीड वर्ष आधी करायला हवे होते. सोडतीने एवढेच केले की तिला दारातून आत येण्याची लाज वाटू दिली नाही.

आहेराच्या वहीत ज्याने दिले त्यालाच परत द्यायचे असते. सोडतीत मी एकाला देतो आणि मला दुसराच कोणी देतो. त्यामुळे कोणाच्याही नावापुढे बाकी राहत नाही. जन्मभर बाकी काढण्याची नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट उमगायला जरा उशीर लागला, हे कबूल करतो.

यंदाची कोजागरी जवळ आली आहे. आपल्या कुटुंबात सोडत घालायचा विचार असेल, तर यादी करायला आजच बसावे. आणि यादीत गेली एक-दोन वर्षे न आलेल्या माणसाचे नाव दिसले, तर त्यावर काट मारण्यापूर्वी त्याला एक फोन करावा.